पाटी आणि पावती

आपल्या शहराच्या बाजारपेठेंतून कोणी एक फेरी मारली, तर गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीखालीं, एक पाटी त्यास ठिकठिकाणीं दिसेल : 'एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं.' कोठें ती रंगविलेली असते, कोठें छापील असते, आणि जेथें भिंत नाहीं तेथें बिलाच्या तळाशीं बारीक अक्षरांत तोच मजकूर असतो. ही पाटी इतकी जुनी व इतकी सार्वत्रिक झाली आहे कीं, ती कायद्याचेंच एखादें कलम असावें, अशी समजूत दुकानदाराची व गिऱ्हाइकाचीही होऊन बसली आहे. ही समजूत साफ चुकीची असून तिच्यापायीं दोघांचेंही नुकसान होत आहे, हें आज आम्हांस सांगावयाचें आहे. गिऱ्हाइकाचें नुकसान उघड दिसतें. दुकानदाराचें दिसत नाहीं, म्हणून त्याविषयीं आम्ही अंमळ अधिक लिहूं.

गेल्या महिन्यांत एकाच आठवड्यांत आमच्या कचेरींत दोन माणसें आपापलें गाऱ्हाणें घेऊन आलीं. पहिल्या एक शिक्षिका. त्यांनीं स्वयंपाकघरासाठीं मिक्सर घेतला. आठव्या दिवशीं त्याची मोटर जळाली. बाई दुकानीं गेल्या, तों दुकानदारानें तोंडानें उत्तर न देतां बोटानें पाटी दाखविली. बिल कोठें आहे असें आम्हीं विचारतां कळलें कीं, बिल नाहींच. 'पक्कें बिल हवें असेल तर कर वर पडेल,' असें दुकानदार म्हणाला होता, व चारशें रुपये वांचतात या हिशेबानें बाईंनीं कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानलें होतें. दुसरे गृहस्थ स्वतःच दुकानदार, विजेच्या सामानाचे. त्यांनीं उन्हाळ्यापूर्वीं घाऊक व्यापाऱ्याकडून चोवीस पंखे आणविले, खोकीं तशींच माळ्यावर ठेवलीं, आणि दोन महिन्यांनीं उघडून पाहतात तों सात पंखे फिरेनात. घाऊक व्यापाऱ्यानें फोनवर सांगितलें कीं, माल तेव्हांच पाहून घ्यावयाचा होता, आतां कांहीं होणार नाहीं. यांच्याजवळही चिठ्ठीच, तिच्यावर ना विकणाऱ्याचें नांव, ना तारीख. हे गृहस्थ आपल्या दुकानांत ज्या पाटीखालीं बसतात ती आम्हीं पाहिलेली आहे. त्या वेळीं त्यांस ती आठवली कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं.

प्रथम पाटीचें पाहूं. ग्राहक संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेनें १९८६ सालीं केला, व त्याच्या जागीं २०१९ सालचा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. 'अनुचित व्यापारी प्रथा' कोणत्या, याची यादी या कायद्याच्या दुसऱ्या कलमांत दिलेली आहे. त्या यादींत दोन गोष्टी अशा आहेत कीं, त्या प्रत्येक पेठेंत मोठ्यानें वाचून दाखविल्या पाहिजेत. एक, विकलेल्या मालाचें अगर केलेल्या कामाचें बिल वा पावती न देणें. दुसरी, सदोष माल परत घेण्याचें नाकारणें, आणि त्याचे पैसे बिलांत लिहिलेल्या मुदतींत, व तशी मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांच्या आंत, परत न करणें. म्हणजे ज्या पाटीस दुकानदार आपली ढाल समजतो, ती त्यानें स्वतःविरुद्ध भिंतीवर टांगलेली कबुली होय. गिऱ्हाईक आयोगापुढें गेलें तर 'हा दुकानदार सदोष मालही परत घेत नाहीं' हें सिद्ध करण्यास त्यास त्या पाटीचें छायाचित्र पुरेसें उपयोगी पडेल. भिंतीवर चार शब्द लिहून संसदेचा कायदा रद्द करण्याचा अधिकार कोणाही व्यापाऱ्यास मिळालेला नाहीं. तो मिळत असता, तर करमाफीची एक पाटी आम्हींही आमच्या दारावर केव्हांच लावली असती.

मात्र गिऱ्हाइकांसही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कायदा बोलतो तो सदोष मालाविषयीं. घरीं नेलेल्या साडीचा रंग नणंदेस पसंत पडला नाहीं, किंवा तीच वस्तु पलीकडच्या दुकानांत पन्नास रुपयांनीं स्वस्त मिळत होती, हा मालाचा दोष नव्हे. अशा वेळीं दुकानदारानें वस्तु बदलून दिली तर तो त्याचा चांगुलपणा. न दिली तर त्यास कायदेभंग म्हणतां येणार नाहीं. लग्नांत नेसून झालेला शालू चौथ्या दिवशीं घडी मोडलेलाच नाहीं असें सांगत परत आणणारीं गिऱ्हाइकें आहेत, व त्यांच्या अनुभवानेंच कांहीं पाट्या लागल्या आहेत, हें आम्ही जाणतों. पण त्यावर उपाय म्हणून जळालेल्या मोटरीसही तीच पाटी दाखवावी, हा न्याय कोठला ?

आतां 'कर वर पडेल' या वाक्याचा विचार करूं, कारण पावती बुडण्याचें खरें मूळ या वाक्यांत आहे. वेष्टनांत बांधलेल्या मालावर जी कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, ती वैध मापनशास्त्राच्या २०११ सालच्या नियमांप्रमाणें सर्व करांसह असते. तिच्यावर आणखी एक रुपयाही कर म्हणून मागतां येत नाहीं. दुकानदार छापील किंमतीहून कमी घेत असेल तर ती सूट त्यानें द्यावी अगर न द्यावी; परंतु बिल मागितलें म्हणून छापील किंमतीवर कर चढविणें बेकायदा आहे. 'आमची जीएसटीची नोंदणी नाहीं, म्हणून आम्ही बिल देत नाहीं' असें दुसरें एक उत्तर मिळतें. नोंदणी नसलेल्या दुकानदारानें कर लावूं नये व घेऊंही नये, हें खरें. पण पावती देण्याचें कर्तव्य करावर अवलंबून नाहीं. पावतीवर विकणाऱ्याचें नांव व पत्ता, अनुक्रमांक, तारीख, गिऱ्हाइकाचें नांव, मालाचें वर्णन, नग व किंमत असावी, असें २०२० सालच्या नियमांत सांगितलें आहे. हें सर्व लिहिण्यास छापखान्यांतून आणलेलें पंचवीस रुपयांचें पावतीपुस्तक चालतें. यंत्र लागत नाहीं.

पावती नाहीं म्हणून हक्क मात्र सर्वस्वीं बुडाला, असेंही नाहीं. त्या शिक्षिकाबाईंनीं पैसे मोबाईलवरून दिले होते. कोणास, किती व कोणत्या दिवशीं दिले, याची नोंद बँकेच्या उताऱ्यावर आहे. मिक्सरचें खोकें व त्यावरील क्रमांक त्यांच्याजवळ आहे. दुकानदाराच्या हातची चिठ्ठी आहे. एवढ्यावर आम्हीं त्यांस दुकानदारास लेखी पत्र पाठविण्यास सांगितलें आहे, व पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास सांगितलें आहे. ही वाट पुष्कळांस ठाऊक नसते, म्हणून थोडक्यांत सांगतों. जिल्हा आयोगापुढें पन्नास लाख रुपयांपर्यंत मोल दिलेल्या मालाची अगर सेवेची तक्रार चालते. २०१९ च्या कायद्यानें झालेली मोठी सोय ही कीं, तक्रारदार जेथें राहतो अगर काम करतो तेथील आयोगाकडे तो जाऊं शकतो. विकणारा मुंबईस असो वा दिल्लीस असो. दिलेलें मोल पांच लाखांपर्यंत असेल तर कांहीं फी पडत नाहीं. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. वकिलीवर पोट भरणाऱ्यांनींच हें लिहावें याचें कोणास नवल वाटेल, पण तीन हजारांच्या मिक्सरसाठीं पांच हजारांचा वकील करा, असें सांगण्याची आमची छाती नाहीं. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत झाली पाहिजे.

या आयोगांनीं तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी करावी लागल्यास पांच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न करावा असें कायद्यांत लिहिलें आहे. तें कायद्यांतच राहिलें. आयोगांच्या अध्यक्षांच्या व सदस्यांच्या जागा सरकारें भरीत नाहींत, म्हणून २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयास आपण होऊन हें प्रकरण हातीं घ्यावें लागलें. कायदा करावयाचा, त्याचा गाजावाजा करावयाचा, दरवर्षीं २४ डिसेंबरास ग्राहक दिन साजरा करावयाचा, आणि न्याय देणारी खुर्ची रिकामी ठेवावयाची, हा प्रकार परक्या सरकारनें केला असता तर आपण त्यास काय म्हटलें असतें ? आपलें सरकार आहे म्हणून शब्द सौम्य करण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

आतां त्या पंख्यांच्या दुकानदाराकडे वळूं. आयोगाचें दार यांस बहुधा बंद आहे. पुन्हां विकण्यासाठीं अगर व्यापारी हेतूनें माल घेणारा मनुष्य या कायद्याच्या अर्थीं ग्राहक नव्हे. याला एक अपवाद आहे तो लहान कारागिरांनीं ध्यानांत ठेवावा : जो मनुष्य स्वतः राबून केवळ आपल्या उपजीविकेसाठीं एखादें यंत्र वा वाहन घेतो, तो ग्राहकच होय. स्वतः रिक्षा चालविणारा, स्वतः लेथवर काम करणारा, अशीं उदाहरणें देऊन सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं हें स्पष्ट केलें आहे. पण चोवीस पंखे विकण्यास आणणारा यांत बसत नाहीं. त्याला १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्याकडेच जावें लागतें.

हा कायदा इंग्रजी अमदानींतला, पण अद्याप चालू आहे व वाचण्याजोगा आहे. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणें, त्या जातीच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल बाजारांत विकण्यालायक असलाच पाहिजे. तसें कोणी बोलून दाखविलें नसलें तरीही. येथपर्यंत आमच्या गृहस्थांची बाजू भक्कम. परंतु बेचाळिसावें कलम असें कीं, वाजवी काळ लोटेपर्यंत माल ठेवून घेतला व नापसंत असल्याचें विकणाऱ्यास कळविलें नाहीं, तर तो माल पत्करला असें धरलें जातें. मग माल परत करण्याचा हक्क जातो; फार तर नुकसानभरपाईसाठीं भांडतां येतें. दोन महिने माळ्यावर पडलेलीं खोकीं त्यांच्याविरुद्ध साक्ष देतात. आणि बासष्टावें कलम त्याहून बिकट आहे. कायद्यानें गृहीत धरलेले हे हक्क व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील स्पष्ट करारानें, किंवा त्यांच्या नेहमींच्या वहिवाटीनें, काढून टाकतां येतात. 'माल परत घेतला जाणार नाहीं' अशा अटीवर लहान दुकानदारानें सही केली असेल, तर ती त्याच्यावर बंधनकारक ठरूं शकते. म्हणजे गंमत अशी कीं, जी पाटी गिऱ्हाइकास बांधूं शकत नाहीं, ती पाटी लावणाऱ्यास मात्र त्याच्या वरचा व्यापारी बांधूं शकतो !

बिलाशिवाय माल घेण्यांत आणखी एक धोका आहे. सदोष वस्तूमुळें कोणास शॉक बसला, भाजलें, कोणाची मालमत्ता जळाली, तर भरपाईची जबाबदारी मुख्यतः निर्मात्याची. परंतु तो निर्माता कोण हेंच कळत नसेल, अगर त्याच्यावर नोटीस बजावतां येत नसेल, तर २०१९ च्या कायद्यानें ती जबाबदारी विकणाऱ्या दुकानदारावर येऊं शकते. निनांवी चार्जर व निनांवी होल्डर चिठ्ठीवर आणून विकणाऱ्यानें नफा मोजतांना हाही खर्च मनांत धरावा.

उधारीचें पोतें सव्वा हात रितें, असें आपले वाडवडील म्हणत आले. तें रितें कसें होतें याचा कायदेशीर हिशेब असा. विकलेल्या मालाची किंमत वसूल करण्याचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. उधारीची मुदत ठरली नसेल तर माल दिल्या दिवसापासून, ठरली असेल तर ती संपल्यापासून. पुष्कळ दुकानदार समजतात कीं, वहींत नांवें टाकलेली रक्कम म्हणजे जन्माची ठेव. तसें नाहीं. इतकेंच नव्हे तर, नियमित ठेवलेल्या वहींतील नोंद पुराव्यांत घेतली जाते खरी, पण केवळ त्या एका नोंदीवरून कोणाच्या अंगावर देणें बसवितां येत नाहीं, हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील नियम १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतही कायम आहे. वहीस जोड हवी ती समोरच्याच्या सहीची. दरसाल खातेउतारा काढून 'बाकी बरोबर आहे' अशी सही घेतली, व ती तीन वर्षें संपण्याच्या आंत घेतली, तर त्या दिवसापासून नवीं तीन वर्षें मिळतात. मुदत उलटून गेल्यावर नुसत्या कबुलीनें भागत नाहीं. 'हें देणें मी देईन' असें सहीनिशीं नवें वचन लागतें. एका दिवसाच्या फरकानें पैसे बुडालेले आम्हीं आमच्या वकिलींत पाहिले आहेत.

चेकचेंही तसेंच. न वटलेला चेक हा १ एप्रिल १९८९ पासून फौजदारी गुन्हा ठरला, व त्यास दोन वर्षांपर्यंत कैद अगर चेकच्या दुपटीपर्यंत दंड अशी शिक्षा आहे, एवढें सर्वांस माहीत असतें. पण चेक तीन महिन्यांत बँकेंत भरावा लागतो, तो परत आल्याचें कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, ती पोंचल्यावर पंधरा दिवस वाट पाहावी लागते, आणि मग एक महिन्याच्या आंत फिर्याद करावी लागते, हें माहीत नसतें. 'शेटजी, पुढच्या आठवड्यांत नक्की देतों' या गोड शब्दांवर ते तीस दिवस निघून जातात. चेक देणाऱ्यांपैकीं कांहींजण हे दिवस बोटांवर मोजीत असतात, असा आमचा अनुभव आहे.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीं २००६ सालीं झालेल्या कायद्यांत विलंबाविरुद्ध खरी तरतूद आहे. लेखी करार असला तरी माल पत्करल्यापासून ४५ दिवसांच्या आंत, व करार नसेल तर १५ दिवसांत, पैसे द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानें, महिन्या-महिन्यास चढणारें चक्रवाढ व्याज. परंतु हें संरक्षण माल तयार करणाऱ्यास व सेवा देणाऱ्यास आहे. २ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांस या उद्योगांच्या नोंदणींत घेतलें तें केवळ बँकांच्या अग्रक्रमी कर्जापुरतें. म्हणजे दुकानदारानें कर्ज काढावें यास सरकारची अनुमति आहे. त्याचे मोठ्या कंपनीकडे अडकलेले पैसे वेळेवर यावेत यास नाहीं. आमच्या मतें ही तरतूद लहान व्यापाऱ्यास लागू झालीच पाहिजे, व व्यापारी संघांनीं खासदारांकडे न्यावयाची मागणी हीच आहे.

कागद एकाच पक्षाच्या हातीं राहिला म्हणजे काय होतें, हें या महाराष्ट्रानें एकदां पाहिलेलें आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, तेव्हां त्यांचा रोख मुख्यतः खतांवर व वह्यांवर होता. तीं हातीं पडतील तेथें त्यांनीं जाळलीं. कारण खत सावकाराजवळ, वही सावकाराजवळ, व फेडलेल्या पैशाची पावती कोणाजवळच नाहीं. चार वर्षांनीं झालेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कायद्यांत इतर गोष्टींबरोबर ऋणकोस लेखी पावती व दरसाल हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क द्यावा लागला. पावतीचा हक्क इतक्या मोलानें मिळालेला आहे, आणि आज आपण तो चारशें रुपयांस विकून येतों.

गिऱ्हाइकांच्या बाजूनें काम झालेलेंच नाहीं, असें नाहीं. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यास ग्राहक पंचायत स्थापन केली, ती संसदेच्या कायद्याच्या बारा वर्षें आधीं. परंतु व्यापाऱ्यांच्या संस्थांनीं आपल्या सभासदांस हा कायदा समजावून दिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. वर्गणी गोळा करणें व करवाढीविरुद्ध एक दिवस दुकानें बंद ठेवणें यापलीकडे त्यांचें काम जात नसेल, तर घाऊक व्यापाऱ्यापुढें एकेकटा लोंबकळणारा लहान दुकानदार कोणाकडे पाहणार ? संघानें एक छापील मागणीपत्र तयार करावें. त्यांत सदोष नग किती दिवसांत परत घेतले जातील याची ओळ असावी, व त्या ओळीशिवाय सभासदांनीं माल मागवूं नये. माल आला कीं खोकीं त्याच आठवड्यांत उघडावीं आणि उणें असेल तें लेखी कळवावें. आमच्या पंखेवाल्या गृहस्थांनीं दोन महिन्यांनीं कां होईना, असें पत्र धाडलें आहे. सात पंख्यांपैकीं किती परत जातात तें पाहावयाचें.

पाटी काढण्याबद्दलही आम्हीं त्यांच्याशीं बोललों. भिंत मोकळी दिसेल, असें ते म्हणाले. मोकळी दिसत असेल तर मजकूर आम्ही देतों : 'सदोष माल पावती दाखविल्यास तीस दिवसांत परत घेतला जाईल. पावती मागून घ्यावी.' रंगाऱ्याची मजुरी जुन्या पाटीइतकीच पडेल.